येताच आहात तर गौरी घेऊन या

अलकनंदा रायरीकर ही नोएडातली पहिली मराठी मनोरंजन पत्रकार आहे हे नोएडाला कळायला अजून थोडा अवकाश होता. पण अलकनंदाला ते कळलं होतं, आणि सुरुवात कुठून तरी व्हावीच लागते. इयत्ता अकरावी, एक मोबाईल, मोबाईलची एक लटपटणारी तिपाई आणि कपाळावर एकही आठी नाही, एवढ्या भांडवलावर ती मराठी मंडळाच्या कार्यकारिणीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "गणपतीत श्यामकांत धारप येतायत ना, त्यांची मुलाखत मी घेणार."

कार्यकारिणी म्हणजे अण्णासाहेब. बाकीचे सभासद चहाला असतात. अण्णासाहेब कुठल्याशा मंत्रालयातून निवृत्त झाले. मंत्रालयानं त्यांना सोडलं, त्यांनी मंत्रालयाला सोडलेलं नाही. मंडळाच्या मोदकांत खोबरं किती घालावं यावरसुद्धा ते आधी टिपण मागवतात.

"मुलाखती चंद्रप्रभाबाई घेतात," ते म्हणाले. "पूर्वापार."

चंद्रप्रभाबाई एकेकाळी रेडिओवर बातम्या वाचत. आवाज असा, की त्यांनी 'मीठ द्या' म्हटलं तरी माणूस सावरून बसतो. पण पाहुणा कुणीही असो, त्यांचा पहिला प्रश्न एकच: "आपला जीवनपट उलगडून दाखवाल का?" पाहुणे दाखवतात. शिरा गार होईपर्यंत दाखवत राहतात.

"अण्णाकाका, माझ्या वर्गातल्या मुली त्यांचे व्हिडिओ झोप येत नसली की लावतात," अलकनंदा म्हणाली. ही शुद्ध थाप होती. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना मराठी आणि गुजराती यांतला फरक विचारला तर त्या 'सिलॅबसमध्ये नाही' म्हणतील. पण पत्रकाराला कधीकधी आकडे फुगवावे लागतात.

अण्णासाहेबांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. प्रायोगिक तत्त्वावर. शनिवारी सकाळी अर्धा तास मिळेल. घरी बोलाव, मुलाखत घे, संध्याकाळी कार्यक्रमाआधी पडद्यावर दाखवू. जमलं तर मंडळाची मनोरंजन प्रतिनिधी तू."

"आणि नाही जमलं तर?"

"तर चंद्रप्रभाबाई. आणि तू प्रसादवाटपात."

प्रसादवाटप म्हणजे मंडळातल्या मुलींचं काळं पाणी. एकदा हातात डाव आला की लग्न होईपर्यंत सुटत नाही. अलकनंदा मनात म्हणाली, बघूच.

श्यामकांत धारप कोण हे दिल्लीतल्या मराठी माणसाला सांगायला लागत नाही, तरी सांगते. 'चौथ्या मजल्यावरचा गोंधळ' या मालिकेत दर भागात जिन्यावरून गडगडत खाली येतात ते. कधी हातात बादली असते, कधी सिलिंडर, एकदा तर आख्खा बँडवाला होता. त्यांच्या मॅनेजर प्रमोदिनीताईंचा नंबर अलकनंदानं मिळवला, फोन लावला, आणि घरच्यांनाही आपला रुबाब कळावा म्हणून तो स्पीकरवर टाकला.

ही तिची एकमेव चूक. पुढचं सगळं या चुकीची पिल्लं आहेत.

"हो, शनिवारी सकाळी मुंबईहून निघतील," प्रमोदिनीताई म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात नारळ खवणाऱ्या हेमलताबाईंचा, म्हणजे अलकनंदाच्या आईचा, हात थबकला.

इथं दिल्लीबाहेरच्या वाचकांना एक नियम समजावून सांगायला हवा. महाराष्ट्रातून दिल्लीला येणाऱ्या माणसाच्या बॅगेत जागा असते. म्हणजे असतेच. तो नोकरीच्या मुलाखतीला येवो, कोर्टाच्या तारखेला येवो की स्वतःच्या लग्नाला, त्याच्या दोन सदऱ्यांच्या मधे भाजणीचा एक पुडा बसतो अशी इथल्या तमाम मराठी बायकांची श्रद्धा आहे. इथं 'कसं काय?' असं कुणी विचारत नाही. 'कोणी येतंय का?' असं विचारतात.

आईनं खोबऱ्याच्या हातानंच फोन घेतला. "प्रमोदिनीताई, मी अलकनंदाची आई. येताच आहेत तर एक भाजणीचा पुडा आणतील का हो? माझी वहिनी त्यांच्या घरी नेऊन देईल. त्यांना काही म्हणजे काही करायचं नाही. नुसतं यायचं."

प्रमोदिनीताईंनी आजवर निर्माते झेललेले, चाहते झेललेले. भाजणी पहिलीच. "विचारते," त्या म्हणाल्या.

"चला, हो म्हणाल्या!" आईनं फोन ठेवला.

"आई! यार, तो कलाकार आहे, टेम्पो नाही!"

"कलाकारांना बॅगा नसतात का?"

"बाबा, तुम्ही तरी सांगा हिला!"

विनायकराव वर्तमानपत्रामागून म्हणाले, "विमानात किती किलो चालतं ते बघून सांगू का?" सरकारी नोकरीत माणूस कुठल्याही प्रश्नावर असं उत्तर द्यायला शिकतो, की प्रश्नच दुसऱ्या खात्यात जातो.

आईनं ही गोष्ट फक्त समोरच्या फ्लॅटमधल्या पद्मजामावशींना सांगितली. फक्त पद्मजामावशींना सांगणं म्हणजे लाल किल्ल्यावरून सांगणं, फक्त झेंडा नसतो. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर गोडा मसाला, आमसुलं, कुळथाचं पीठ आणि फणसपोळी यांच्या मागण्या नोंदवल्या गेल्या. गुरुग्रामच्या अरुणाकाकूंनी पितळी पुरणयंत्र मागवलं. रोज संध्याकाळी कुणाची तरी वन्सं, कुणाचा तरी साडू श्यामकांतरावांच्या मुंबईच्या इमारतीत जाऊन वॉचमनकडे एक पिशवी देई आणि म्हणे, "दिल्लीचं आहे. साहेबांना माहितीये." साहेबांना काहीही माहिती नव्हतं. साहेब जिन्यावरून पडण्यात व्यग्र होते.

आणि पद्मजामावशींनी कळस चढवला. गुरुग्रामहून नोएडाला घर हलवताना त्यांच्या धाकट्या गौरीच्या मुखवट्याचं नाक उडालं होतं. पुण्याच्या भावानं नवी जोडी घेऊन ठेवली होती, आणि तो ती मुंबईला पोचवणार होता. "गौरी सामानात टाकायच्या नाहीत," मावशी म्हणाल्या. "माहेरवाशिणी आहेत त्या. मांडीवर बसून येतील." आणि हेमलताबाईंकडून प्रमोदिनीताईंचा नंबर घेऊन त्यांनी थेट श्यामकांतरावांनाच फोनवर गाठलं आणि ते परस्पर ठरवूनही टाकलं.

इकडे अलकनंदा प्रश्न काढत होती. अण्णासाहेबांनी ते मंजुरीसाठी मागवले आणि लाल शेरे मारून परत पाठवले. 'आपण जिन्यावरून खरोखर पडता का?' यापुढे: 'चालेल. जनहिताचा.' 'विनोदामागचं दुःख काय?' यापुढे: 'गणेशोत्सवात दुःख टाळावे.' अलकनंदानं हा प्रश्न तरीही ठेवला. मनोरंजन पत्रकारितेत विनोदी नटाला दुःख विचारलंच नाही, तर ती मुलाखत होत नाही, जाहिरात होते. हे तिनं इतक्या मुलाखती पाहून ताडलं होतं.

शनिवारी सकाळी ती ठेवणीतला कुर्ता घालून आणि पुष्पगुच्छ घेऊन लिफ्टसमोर उभी राहिली. तिपाई लावली. मोबाईल सुरू केला.

त्याच वेळी खाली सोसायटीच्या फाटकावर एक टॅक्सी येऊन थांबली. आतून विस्कटलेल्या केसांचा एक गृहस्थ उतरला. दोन्ही खांद्यांना पिशव्या, पायाशी पिशव्या, एका पिशवीतून पुरणयंत्राचा दांडा बाहेर, आणि छातीशी मऊ कापडात गुंडाळलेलं बाळासारखं काहीतरी. गार्डनं एक नजर टाकली आणि फोनवर नोंद केली: डिलिव्हरी. वर हेमलताबाईंच्या मोबाईलवर 'डिलिव्हरी आली आहे, सोडू का?' असं उमटलं. त्यांनी 'हो' दाबलं. भाजणीचीच वाट बघत होत्या.

"भैया, सर्विस लिफ्ट पीछे है," गार्ड म्हणाला.

"मैं आर्टिस्ट हूँ," श्यामकांतराव म्हणाले.

"हाँ हाँ, वो भी पीछे से ही जाते हैं. कल ढोलवाले भी वहीं से गए थे."

तर एका गादीवाल्याच्या आणि पाण्याचे जार घेतलेल्या माणसाच्या मधे उभं राहून, महाराष्ट्राचे लाडके श्यामकांत धारप वर निघाले. इकडे पुढच्या लिफ्टचं दार उघडलं. अलकनंदा कॅमेऱ्याकडे बघत कडाडली, "आणि मंडळी, हा पाहा तो क्षण!" आणि आतून मल्होत्रा अंकल आपलं कुत्रं घेऊन बाहेर आले. कुत्र्याला पुष्पगुच्छ फार आवडला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची बेल वाजली.

"ठेवा तिथंच!" आई पोळी उलटत, मान न वळवता म्हणाली.

बेल पुन्हा वाजली. आईनं वळून बघितलं आणि पोळी जागच्या जागी करपली. "अगंबाई! तुम्ही! मागून?"

श्यामकांतरावांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की हा माणूस आयुष्यात पुष्कळ जिन्यांवरून पडला असेल, पण इतका खाली कधी आला नव्हता. अलकनंदा धावत आली. मागोमाग पद्मजामावशी, त्यांच्यामागे आपापल्या पिशव्या न्यायला आलेल्या चार-पाच जणी.

"मला ओळखलंत का?" श्यामकांतरावांनी जमेल तेवढा रुबाब गोळा करून विचारलं.

"ओळखलं की!" पद्मजामावशी म्हणाल्या. "तुम्ही गौरी आणल्यात! थांबा, आत पाऊल टाकू नका!"

पाऊल हवेतच राहिलं.

"गौरी पहिल्यांदा येतायत घरी. अशा दुधाच्या पिशवीसारख्या मागच्या दारानं नाही घ्यायच्या. माझ्या उंबऱ्यावर चला. हेमलता, पाणी आण गं तांब्यात. श्यामकांतराव, तोंडात चूळ भरा. गौर आणणाऱ्यानं घरात शिरेपर्यंत बोलायचं नसतं."

"अहो मावशी," आई म्हणाली, "आज कुठं आवाहन? ते परवा. आणि चूळ खड्याच्या गौरींना असते, मुखवट्यांना नसते. शिवाय आणणारी बाई लागते."

"आमच्यात असते," पद्मजामावशी म्हणाल्या. "आणि आमच्यात कुणीही चालतं."

'आमच्यात' या शब्दापुढं अपील नाही. सुप्रीम कोर्ट तिथून मेट्रोनं जाता येण्यासारखं असूनही ते काही करू शकत नाही. श्यामकांतरावांनी मुकाट्यानं चूळ भरली. अलकनंदाला तर वाटलं, जरा आनंदानंच भरली.

आता मावशींचं दार ते रायरीकरांचं दार म्हणजे मधे फक्त लॉबी. पण उंबऱ्यावर कुंकवाची पावलं काढायची होती. भाकरतुकडा ओवाळायचा होता, आणि नोएडाच्या त्या टॉवरमध्ये भाकरी नव्हती. पोळी होती, पराठे होते. एका घरून ब्राउन ब्रेड आला, तो मावशींनी नुसत्या नजरेनं परत पाठवला. शेवटी हेमलताबाई मुंबईहून आलेल्या पिशव्या उचकून ज्वारीचं पीठ शोधू लागल्या. आणि श्यामकांत धारप लॉबीत, छातीशी दोन गौरी आणि गालांत पाणी घेऊन उभे.

अलकनंदानं घड्याळाकडे बघितलं. तिचा अर्धा तास इथं भाकरी थापण्यात चालला होता. दुसरी कुणी असती तर रडली असती. अलकनंदानं तिपाई उचलून लॉबीत आणली.

"सर, नुसती मान हलवलीत तरी चालेल. बाकीचं मी बघते. तर मंडळी, आपल्यासोबत आहेत श्यामकांत धारप! सर, तुम्ही जिन्यावरून खरंच पडता?"

श्यामकांतरावांनी खांदे उडवले.

"म्हणजे कधी पडता, कधी नाही! म्हणजेच जीव धोक्यात घालून! पाहा मंडळी, कलेसाठी केवढा त्याग! सर, लहानपणापासून तुम्हाला हसवायचंच होतं का?"

श्यामकांतरावांची एक भुवई वर गेली. काहीतरी सांगण्यासारखं होतं बहुतेक.

"होतंच! मलाही अगदी लहानपणापासून पत्रकारच व्हायचं होतं," अलकनंदा म्हणाली, आणि तिनं आपल्या लहानपणाचे दोन प्रसंग सांगितले. मग आवाज खाली आणून, मान किंचित तिरकी करून, तिनं तो प्रश्न विचारला. "सर, विनोदामागचं दुःख काय?"

श्यामकांतरावांचे डोळे पाण्यानं भरले. अलकनंदाच्या अंगावर काटा आला. "बघा मंडळी, बघा! शब्दांची गरजच काय?"

गरज नॅपकिनची होती. पाणी नाकात गेलं होतं. एक मोठा ठसका, एक गटकन आवाज, आणि गाल रिकामे.

"गिळलंत?" मावशी तांब्या घेऊन हजर. "काही हरकत नाही. पुन्हा भरा."

अखेर भाकरी झाली. श्यामकांतरावांच्या पायांवर दूध-पाणी पडलं, भाकरतुकडा ओवाळला गेला, आणि ते कुंकवाच्या पावलांवरून आपली बूट काढलेली मोठाली पावलं जपून टाकत आत गेले. "गौरी आल्या, कशाच्या पावलांनी?" एकीनं विचारलं. "सोन्याच्या पावलांनी!" सगळ्या म्हणाल्या. कुठून कोण जाणे, एवढ्यात मल्होत्रा आंटीपण टाळ्या वाजवत येऊन उभ्या राहिल्या होत्या. मुखवटे पाटावर बसले. तोंड मोकळं झालं.

अलकनंदा पुढे सरसावली. पण पिशव्यावाल्या तिच्याआधी सरसावल्या. "अहो, आमचं मेतकूट?" "हे आमसुलाचं पाणी कुणाच्या सदऱ्याला लागलंय?" "माझाच आहे तो सदरा," श्यामकांतराव म्हणाले. हे त्यांचं मुलाखतीतलं एकमेव ऐकू येणारं वाक्य. मग प्रमोदिनीताईंचा फोन आला: गाडी खाली थांबलीये, रंगीत तालीम आहे, लगेच निघा.

या वेळी पुढच्या लिफ्टनं. दार मिटता मिटता ते अलकनंदाला म्हणाले, "तुमचा व्हिडिओ छान होईल हो. फक्त त्यात मी नसेन."

तिनं दुपारभर तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. कापून बघितला, जोडून बघितला, मागं तबला टाकून बघितला. त्यात एक मुलगी अखंड बोलत होती आणि तिच्याशेजारी फुगलेल्या गालांचा एक माणूस उभा होता. ती भुवई तर तिला पाठच झाली. भुवई वर जायची, आणि दर वेळी नेमकी तेव्हाच ती मुलगी बोलायला लागायची. अलकनंदाला त्या मुलीचा हळूहळू राग यायला लागला.

अण्णासाहेबांनी तो बघून निकाल दिला: "मुलाखतीत मुलाखत आढळून आली नाही. चंद्रप्रभाबाईंना कळवा, कार्यक्रमानंतर मंचावरच घेतील."

तर त्या संध्याकाळी, दिल्लीतल्या त्या खचाखच भरलेल्या सभागृहात, मनोरंजन पत्रकार अलकनंदा रायरीकर शेवटच्या रांगेमागे, शिऱ्याच्या पातेल्याशेजारी, हातात डाव घेऊन उभी होती.

आणि श्यामकांत धारप मंचावर आले ते सकाळच्याच गोष्टीनं सुरुवात करत. विमानतळावरच्या तपासणीत पुरणयंत्र बाहेर काढलं गेलं, आणि हे काय आहे ते हिंदीत समजावताना ते 'पूरन को पहले डालो, फिर घुमाओ' असं सांगत अर्ध्यावर पोचले, तोच ती तपासणीवाली बाई म्हणाली, "मी साताऱ्याची आहे. पण जाळी बारीक घेतलीत, चुकलात." सभागृह कोसळलं. मग सर्विस लिफ्ट. मग चूळ. मग मान तिरकी करून, पापण्या फडफडवत, बारीक आवाजात, "सर, विनोदामागचं दुःख काय? नुसती मान हलवली तरी चालेल!"

सगळं सभागृह हसलं. आई हसली. बाबा तर वर्तमानपत्र नसल्यामुळे उघड्यावर हसले. अलकनंदाचे कान तापले. तिची बातमी तिच्याच डोळ्यांदेखत, तिच्याच आवाजात, दुसराच माणूस फोडत होता. आयुष्यात प्रथमच तिला वाटलं, की आपण कदाचित इतक्या काही भारी नाही. हा विचार साधारण पाच-सहा द्रोण भरेपर्यंत टिकला.

नंतर चंद्रप्रभाबाई आल्या. "आपला जीवनपट उलगडून दाखवाल का?" श्यामकांतरावांनी दाखवला. जन्म, शाळा, एकांकिका, पहिली मालिका. सगळं इस्त्री करून आणल्यासारखं. अलकनंदा ऐकत होती. डाव हातातच राहिला होता. हा माणूस काय काय झालं ते सगळं सांगतोय, तिच्या मनात आलं, पण का झालं त्यातलं एक अक्षर सांगत नाहीये.

"प्रेक्षकांतून एखादा प्रश्न?" चंद्रप्रभाबाईंनी विचारलं.

डाव वर गेला.

"वेळेअभावी..." अण्णासाहेब उठले. पण अलकनंदा मधल्या वाटेनं निघालीसुद्धा होती. कुणीतरी तिच्या हातात माईक दिला. लोकांनी ओळखलं. "अरे, हीच ती!" खसखस पिकली. श्यामकांतराव वरून म्हणाले, "या ताई! चूळ भरू का?"

अलकनंदा हसली नाही. "सर, एवढं सगळं आणायचं म्हटल्यावर तुम्ही सरळ नाही का म्हणाला नाहीत?"

"पद्मजामावशींना नाही म्हणायचं?" श्यामकांतराव म्हणाले. "त्याला वकील लागतो हो!"

हशा. टाळ्या. इथं सभ्य माणसं खाली बसतात. अलकनंदाच्या जिभेवर तर पुढचे चार प्रश्न, दोन आठवणी आणि एक आभार इतकं सगळं एकदम आलं होतं. पण वर, मंचावर, ती भुवई उंचावली होती.

अलकनंदानं तोंड मिटलं. माईक हातात, नजर भुवईवर. हसू ओसरलं. कुणीतरी खोकलं. आई पुटपुटली, "बैस गं आता." अण्णासाहेब अर्धवट उठून तसेच राहिले. तोंडात पाणी नसतानाही गप्प राहता येतं, पण गाल फार दुखतात, हे अलकनंदाला तेव्हा कळलं.

"म्हणजे..." श्यामकांतराव म्हणाले. ते खुर्चीत जरा पुढे आले. "म्हणजे काय आहे. मी दिसलो की लोक म्हणतात, एकदा पडून दाखवा. रस्त्यात म्हणतात, लग्नात म्हणतात. आई गेली तेव्हा, तेराव्याला आलेला एक माणूस पानावरून उठता उठता म्हणाला, साहेब, मुलं आलीयेत, एकदा पडा ना. पडलो मी. मुलं होती." त्यांनी पद्मजामावशींकडे हात केला. "मग या मावशींचा फोन आला. मी नाहीच म्हणणार होतो, खरं सांगतो. पण त्या म्हणाल्या, गौरी आहेत हो बरोबर, पायऱ्या बघून उतरा, जपून या. मला पायऱ्या बघून उतरा असं कोणी म्हटल्याला किती वर्षं झाली असतील, सांगता येत नाही. मग भाजणी काय, पुरणयंत्र काय. म्हटलं, येऊ दे."

कोणी टाळी वाजवली नाही. वाजवायची असते हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिसऱ्या रांगेतून पद्मजामावशींचा आवाज आला, "आणि जपूनच आणल्यात हो! टवकासुद्धा उडाला नाही!"

तेव्हा मग सगळे हसले, आणि श्यामकांतराव सगळ्यात जास्त.

कार्यक्रमानंतर अण्णासाहेबांनी शिऱ्याच्या टेबलापाशी येऊन, द्रोण न घेता, सांगितलं, "प्रायोगिक तत्त्व संपलं असं समज. प्रतिनिधी." त्यांच्या भाषेत हा अश्रुपात होता.

त्यांच्यामागं चंद्रप्रभाबाई उभ्या होत्या. अलकनंदानं पटकन द्रोण पुढे केला. बाईंनी तो बाजूला ठेवला.

"तुझा आवाज फार वरचा लागतो," त्या म्हणाल्या. "उच्चार दिल्लीचे. आणि 'यार' बंद कर."

"हो, बाई."

"पण प्रश्न विचारलास आणि गप्प उभी राहिलीस." त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "ते मला आयुष्यभर जमलं नाही. मी नेहमी मधे बोलले."

खरं तर याच्यानंतरही गप्पच राहायला हवं होतं. निदान थोडा वेळ. पण अलकनंदाला त्या वेळी एकदम सगळंच सांगावंसं वाटलं: ती भुवई, तो व्हिडिओ, मागं टाकलेला तबला, पुढच्या वर्षीच्या तिच्या योजना, आणि चंद्रप्रभाबाईंची स्वतःची एक मुलाखत घ्यायची तिच्या आत्ताच मनात आलेली कल्पना. चंद्रप्रभाबाई ऐकत राहिल्या. एकदाही मधे बोलल्या नाहीत. शिरा पार गार झाला.